सुपारी द्यायला निघालो, तेव्हा

"तमाशा मेला. आता नुसता तंबू फिरतो गावोगाव," असं मामा म्हणाले. हे वाक्य ते तमाशाची सुपारी द्यायला नारायणगावला जाताना बोलत होते, पण त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. संगमनेर तालुक्याच्या पठारावर त्यांचं गाव. चैत्रात जत्रा असते, आणि यात्रा कमिटीत ते कधीपासून आहेत हे कमिटीलाही आठवत नाही. गाडी बायको चालवत होती. ती अर्थशास्त्र शिकवते. माहेर पाथर्डीकडचं, आणि त्या घरातली काही माणसं अजून दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. मी मागच्या सीटवर होतो. मामेसासऱ्यांच्या बोलण्यात जावयाने पडू नये, एवढं मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गाव पुणे जिल्ह्यातलं, जुन्नर तालुक्यातलं. पण सुपारी द्यायला नगर आणि नाशिककडचेही गावकरी तिथंच येतात. प्रत्येक राहुटीत मॅनेजर बसलेला, मागे फडाचा फलक, पुढ्यात वही. कुठल्या तिथीला कुठलं गाव, ते या वहीत ठरतं. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत फड स्वतःच्या जिवावर तंबू ठोकून तिकीट लावतो. पुढचे जत्रांचे दोन महिने सुपारीवर. वर्षाचा ताळेबंद या दोन महिन्यांत जमला तर जमतो.

"मेला म्हणजे नेमकं काय झालं?" बायकोने विचारलं.

"गण कुठं राहिला? गवळण उरकून टाकत्यात. मावशी येती, दोन पांचट विनोद करती, गेली. मंग सगळी पिच्चरची गाणी. की-बोर्ड काय, ड्रम काय. ढोलकीवाला बिचारा कोपऱ्यात. आणि वग तर नायच. वग नाय तर तमाशा कशाचा?"

"त्या अख्ख्या वगाच्या काळात सोंगाड्याला, नाचणारीला, झीलकऱ्याला किती पैसे मिळायचे, हे कधी विचारलंत?"

"कलावंताला असं विचारत असत्यात व्हय?"

"ऊस तोडणाऱ्याला विचारतात. त्याचा दर वाढला नाही की कोयता बंद होतो, पुढारी धावत येतात. ढोलकी कधी बंद झाली, मामा?"

मामांनी खिडकीबाहेर बघितलं. ती थांबली नाही. "दसऱ्याला टोळी निघते आणि दसऱ्यालाच फडाचा नारळ फुटतो. तिकडं मुकादम उचल देतो, इकडं फडमालक उचल देतो. पावसाळ्यात घरी खायला नसतं, म्हणून माणूस उचल घेतो आणि पुढच्या हंगामाला बांधला जातो. फिटली नाही की त्याच्या पुढच्याही. माझा सख्खा चुलता मुकादम. मला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही."

"मुकादम आणि फडमालक एका मापात नको मोजू. मुकादम उसात उतरत नाय. फडमालक स्वतः तोंडाला रंग लावतो. पाऊस आला, तिकीट फाटलं नाय, तर सावकार त्याच्या दारात येतो, ढोलकीवाल्याच्या नाय."

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. शंभराच्या आसपास माणसं, त्यांचं जेवण, ट्रक, जनरेटर, स्टेज, कनात. एवढा संसार रोज नव्या गावी उतरवायचा आणि पहाटे भरायचा. ज्याच्या नावाचा फलक असतो तोच रात्री पागोटं घालून स्टेजवर उभा राहतो. असा मालक दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल, मला आठवेना. बायकोलाही आठवला नसावा, कारण ती काही बोलली नाही.

हिवरगाव पावसाच्या टोलनाक्यावर गाडी रांगेत लागली.

"पवळाबाई इथली," मामा म्हणाले. "पठ्ठे बापूराव साताऱ्याकडचे. रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. सगळं सोडून तमाशात आले, आणि त्यांच्या लावणीला गळा मिळाला तो या हिवरगावच्या पोरीचा. मुंबईची थिएटरं यांनी भरली. बाई तमाशात उभी राहिली ती पवळाबाईपासून, असं जुनी माणसं सांगत्यात. त्याच्या आधी नाच्या पोऱ्याच असायचा. आणि इथं आपण टोल भरतो अन् पुढं जातो."

"गोष्ट अर्धीच सांगितलीत. महाडच्या सत्याग्रहाला मदत म्हणून बापूराव तमाशाच्या उत्पन्नाचे पैसे घेऊन बाबासाहेबांकडं गेले, तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत, असं सांगतात. ब्राह्मण शाहिराने महार बाईला नाचवून मिळवलेला पैसा नको, असं. तुमचा अस्सल तमाशा तो हाच ना? कुणाच्या पोरी नाचल्या आणि कनातीत पुढं कोण बसलं, हे बाजूला ठेवून त्याचा सुवर्णकाळ कसा मोजता?"

मामांकडे याला उत्तर नव्हतं. माझ्या मते कुणाकडेच पुरतं नाही. तमाशावर प्रेम करणाऱ्याने हा प्रश्न खिशात ठेवूनच कनातीत शिरावं. थोड्या वेळाने मामा एवढंच म्हणाले, "बाबासाहेब बरोबरच होते. पण पवळाबाईचा गळा खोटा ठरत नाय त्यानं."

चंदनापुरी घाट सुरू झाला तसे मामा कांताबाईंवर आले. संगमनेरकडचा माणूस तमाशावर बोलू लागला की कांताबाई सातारकरांवर येतोच. फडाच्या नावात सातारा असला तरी बिऱ्हाड संगमनेरचं.

"गुजरातेत दगडाच्या खाणीवर आईबाप राबायचे, तिथं 1939 साली जन्म. मंग साताऱ्याला आले. मेळ्यात नाचायला शिकली. तिथून मुंबई, आणि तुकाराम खेडकरांचा फड. लगीनही त्यांच्याशीच. अशी जोडी पुन्हा झाली नाय. 1964 ला तुकाराम गेले. पदरात लेकरं. दुसऱ्यांच्या फडांत कामं केली, आणि 1969 ला स्वतःचा फड उभा केला. पुढं लेक रघुवीर सोंगाड्या झाला. लेकी स्टेजवर. राज्य सरकारचा तमाशासम्राज्ञी विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार मिळाला. ह्याला म्हणत्यात कला."

"तुम्ही हे पोथी वाचावी तसं सांगता. मी हिशेबाने ऐकते," बायको म्हणाली. "आपल्याच जिल्ह्यात लोणीला 1950 च्या सुमारास विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना काढला. शेतकऱ्यांचे शेअर, पाठीशी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, सरकारचं बळ. मोठंच काम, नाही म्हणत नाही. मग खाणमजुराच्या विधवा लेकीनं शंभर पोटांचा रोजगार उभा केला, तो वर्षानुवर्षं चालवला, ते कमी काम? तिला 1969 साली कुठल्या बँकेनं कर्ज दिलं असतं? कारखान्याचा इतिहास अर्थशास्त्राच्या पुस्तकात येतो. फडाचा इतिहास येतो तो लोककलेच्या पुरवणीत, नऊवारीतल्या फोटोखाली."

"हे मात्र खरं बोललीस."

"मग कला कला म्हणू नका नुसतं. उद्योग म्हणा."

"उद्योग म्हटलं की तू लगेच विचारशील, गिऱ्हाइकाला काय पायजे. गिऱ्हाइकाला पिच्चरची गाणी पायजेत. झालं, वगाला रजा. साखरेला चव एकच असती, पोरी. वगाला तसं नसतं."

घारगावला चहाला थांबलो. दोघांचा वाद आता टेबलावर आला, आणि हॉटेलवालाही कान देऊन ऐकू लागला. मामांनी संगमनेरच्या अनंत फंदींना बोलावलं. फंदी अठराव्या शतकातले शाहीर, तमाशासाठी लावण्या रचायचे. अहिल्याबाई होळकरांनी त्यांना सुनावलं, ब्राह्मणाची वाणी अशा कामाला लावू नये म्हणून. आणि फंदींनी डफ फोडला, कीर्तनाला उभे राहिले, अशी कथा आहे.

"त्याच अहिल्याबाईंचं नाव आता जिल्ह्याला," बायको हसून म्हणाली. "आणि तुम्ही तमाशाची सुपारी द्यायला निघालात."

"देवी मोठी होती. पण फंदीचे फटके लोकांनी टिकवले आणि लावण्याही टिकवल्या. लोक दोन्ही ठेवत्यात."

"लोक ठेवतात, सरकार चाळणी लावतं. स्वातंत्र्य मिळालं आणि मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. मग बंदी उठवली ती वग तपासून घ्यायच्या अटीवर. फडांच्या फलकावर 'लोकनाट्य' लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. तमाशा म्हटलं की नाक मुरडायचे, म्हणून."

"त्याच वेळी अण्णाभाऊ साठ्यांनी काय केलं? तमाशाच हातात घेतला ना?" मामांचा आवाज चढला. "अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर. लाल बावटा कलापथक, 1944. गिरणगावात मजुरांपुढं उभे राहिले ते वगाचाच साचा घेऊन. तुला मजुरीवर बोलायचंय ना? मंग ते पिच्चरच्या गाण्यात कसं बोलशील? वगात सोंगाड्या राजाला उलटा प्रश्न विचारतो. पाटलाला, सावकाराला, आमदाराला विचारतो. ज्याला विचारायचं तो पहिल्या रांगेत बसलेला असतो आणि त्याला हसावं लागतं. वग गेला म्हणजे ही विचारायची जागा गेली. तू कलावंताची मजुरी मागतीस, मी त्याची जीभ मागतोय."

मला वाटतं, सबंध प्रवासात यापेक्षा जोरकस वाक्य कुणी बोललं नाही. बायकोने कप खाली ठेवला. "लाल बावट्याच्या मागं पक्ष होता, युनियन होती. फडाच्या मागं कोण आहे? तो राजाला प्रश्न विचारील, आणि उद्याची सुपारी?"

इथं मला राहवलं नाही. मी म्हटलं, मागं कुणी नसतानाही आपलंच गाणारा एक गायक कॅनडात होता, स्टॉम्पिन टॉम कॉनर्स नावाचा. पोरवयात घर सोडून, मिळेल त्या गाडीला हात करत देशभर भटकला. पडेल ते काम केलं. 1964 साली टिमिन्स नावाच्या खाणीच्या गावी एका हॉटेलात बिअरला पाच सेंट कमी पडले, तेव्हा त्याबदल्यात गाणं म्हटलं, आणि तिथंच वर्षभर टिकला. दारूच्या गुत्त्यातल्या गोंगाटावर ताल ऐकू जावा म्हणून बूट आपटायचा. स्टेज फुटायला लागलं तशी पायाखाली लाकडी फळी घेऊन फिरू लागला. गाणी सगळी खाणीची, ट्रक ड्रायव्हरांची, बटाट्याच्या गाडीची. 1978 साली त्याने संगीतासाठी मिळालेले आपले सहा जुनो पुरस्कार परत केले. इथले कलावंत अमेरिकेत जाऊन कमावतात आणि बक्षीस मात्र इथं घेतात, असा त्याचा राग होता.

"फळीवर बूट आपटायचा?" मामांना गडी आवडला. "म्हणजे आपली ढोलकी त्याच्या पायातच. आणि पुरस्कार परत दिले! भले. पण परत द्यायला आधी मिळावे लागत्यात, जावईबापू. आमच्यातल्या निम्म्यांना कुणी विचारलं नाय."

"त्याच्याकडं मालक कोण, मजूर कोण?" बायकोने विचारलं. मी म्हटलं, तो एकटाच. "मग सोपं आहे. एकटा माणूस पुरस्कार परत करू शकतो. शंभर जणांचं जेवण ज्याच्या अंगावर आहे त्याने परत करून दाखवावा."

"आणि त्याला तिकडं रात्री दहाला बंद करायला लावायचे का?" मामांनी मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं. मी गप्प बसलो, पण बोलणं खऱ्या दुखण्यावर आलं.

पूर्वी रात्री उशिरा गण सुरू व्हायचा. गवळण, बतावणी, रंगबाजी करता करता मध्यरात्र, आणि मग वग, तो उजाडेपर्यंत. सकाळी त्याच कलावंतांनी हजेरी द्यायची. देवाच्या नावाने गावाला दिलेला तो दिवसाचा खेळ, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. झोप कधी घ्यायची हा प्रश्न कुणी विचारत नसे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद केला. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस गणपती आणि नवरात्र खाऊन टाकतात. आमच्या पठारावरच्या जत्रेला कोण विचारतं? वग होता उत्तररात्रीचा, म्हणून घड्याळाने आधी वगच कापला.

"बघा," बायको म्हणाली. गाडी बोट्याच्या पुढे आली होती. "वग कलावंतांनी मारला नाही. मुंबईत लालबागच्या हनुमान थिएटरसारखी ठिकाणं गिरणी कामगारांवर चालायची. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या, तसा तो प्रेक्षकही पांगला. गावात टीव्ही आला, मोबाइल आला. तरी फड उभे राहिले ते ऑर्केस्ट्रा घेऊन. तुम्ही ज्याला बाटणं म्हणता, ते त्यांनी पोटासाठी शोधलेलं कसब आहे. की-बोर्ड वाजवणारा पोरगाही रात्रभर राबतो. त्याला का हिणवता?"

"मी त्याला हिणवत नाय. मी एवढंच म्हणतो, दोनच तास हायेत ना? मंग गाणी कापा, वग ठेवा. वगच का कापता?"

"कारण सुपारी द्यायला येणारे विचारतात, मुली किती आहेत आणि गाणी नवी आहेत का. वग कुठला, हे कोण विचारतं?"

"कमिटीतली पोरं."

"कमिटी तुमची आहे, मामा."

मामा गप्प झाले. आळेफाटा मागे पडला. मग ते कोरोनाबद्दल बोलले. 2020 ला ऐन चैत्रात टाळेबंदी आली. पाडव्याला फडांच्या राहुट्या उठल्या, उचली अंगावर तशाच राहिल्या. दुसऱ्या वर्षीही जत्रा नाहीच, आणि 25 मे 2021 ला संगमनेरला कांताबाई त्याच रोगाने गेल्या. बायको यावर काही बोलली नाही. तिने फक्त गाडी हळू केली, कारण पुढे नारायणगावची गर्दी दिसत होती.

राहुटीत मॅनेजर चाळिशीचा, गळ्यात मफलर, डोळ्यांत जागरण. चहा मागवला. अष्टमी गेली होती; नवमी देता येईल म्हणाला. मामांनी पहिला प्रश्न टाकला, "वग कुठला करता?"

मॅनेजरने त्यांच्याकडे नीट बघितलं. असा प्रश्न त्या दिवशी त्याला पहिल्यांदाच आला असावा. "ऐतिहासिक हाये, सामाजिक हाये. पण काका, दहाला पोलीस येतो."

"सातला सुरू करा."

"सातला कोण येतं? बायकांचा सैपाक, पुरुषांचं दूध घालायचं. नऊशिवाय कनात भरत नाय. नऊला सुरू करून दहाला वग संपवायचा तर राजाला एंट्रीतच मारावा लागंल."

बायको हसली. मामा हसले नाहीत. ते भावावर आले. मॅनेजरने आकडा सांगितला, मामांनी त्यातून दहा हजार कमी करायला लावले, मॅनेजरने डिझेलचा हिशेब मांडला, मामांनी गावाच्या पट्टीचा.

"मामा," बायको हळूच म्हणाली, "हे दहा हजार कुणाच्या ताटातले कापताय?"

"मधी नको बोलू. पट्टी घरटी गोळा होती. माझ्या खिशातली नाय."

दोघंही खरंच बोलत होते, आणि अडचण तीच होती. शेवटी निम्म्यावर तुटलं. मॅनेजर वहीत गावाचं नाव लिहू लागला, तेव्हा बायकोने विचारलं, "मुक्काम कुठं असतो तुमच्या मंडळींचा?"

"शाळेत. नाय तर देवळाच्या ओसरीवर."

"बायका किती?"

त्याने सांगितलं.

"शाळेच्या दोन खोल्या बायकांना वेगळ्या. पाण्याचा टँकर. आणि शाळेच्या संडासाला आतून कडी आहे का, मामा?"

मामांना माहीत नव्हतं. कमिटीत एवढी वर्षं काढूनही हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आला नव्हता. "बसवून घेतो," ते म्हणाले.

"लिहून घ्या," बायको मॅनेजरला म्हणाली. त्याने लिहिलं, पण ते कराराच्या कागदावर कुठं लिहायचं हे त्याला कळेना. शेवटी आकड्याच्या खाली लिहिलं.

"आता माझंही लिहा," मामा म्हणाले. "हजेरी सकाळी दहाला. आणि हजेरीत वग. दिवसाउजेडी. तिथं दहाचा नियम नाय."

मॅनेजरने पेन थांबवलं. "काका, रात्रभर गाडीत, मंग खेळ, मंग सकाळी वग? माणसं झोपणार कव्हा?"

मामांनी बायकोकडे बघितलं. बायकोने मामांकडे.

"बारा वाजता," मामा म्हणाले. "कुस्त्या तीनला लावतो."

"बाराला उन्हात?"

"शाळेच्या आवारात लिंबं हायेत. मंडप आमचा. जेवण आधी देतो." मग जरा थांबून, "आणि त्या दोन तासांचे वेगळे पैसे लिहा. पण जास्त नको."

त्याने वेगळा आकडा लिहिला. बायकोने तो वाढवून मागितला. मामांनी पुन्हा कमी केला.